आभासी स्मृती आणि कर्नलची अपुरी जागा

संगणकावरील कार्यक्रम अचानक बंद पडू लागले की रॅम अपुरी आहे, असे निदान सर्वसाधारणपणे केले जाते आणि ती वाढविण्याचा सल्ला दिला जातो. ३२ बिट संगणकांच्या उत्तरकाळात मात्र मोठ्या सर्व्हरवर याच्या उलट अनुभव येऊ शकत असे. रॅम वाढविल्याने यंत्र अधिक अस्थिर होई. या विसंगतीचे कारण भौतिक स्मृतीत नसून परिचालन प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजेच कर्नलला, उपलब्ध असणाऱ्या पत्त्यांच्या मर्यादेत आहे.

कोणताही कार्यक्रम रॅममधील प्रत्यक्ष जागेचा पत्ता वापरीत नाही. तो आभासी पत्ता वापरतो आणि प्रोसेसर पान-तक्त्यांच्या साहाय्याने त्याचे भौतिक पत्त्यात रूपांतर करतो. एक पान सामान्यतः ४ किलोबाइटचे असते. पत्ता ३२ बिटांचा असेल तर एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ गिगाबाइट इतके होतात.

या ४ गिगाबाइटमध्ये कर्नलचेही बिऱ्हाड असते. इंटेलच्या ३२ बिट प्रोसेसरवर लिनक्सने खालचे ३ गिगाबाइट कार्यक्रमास व वरचा १ गिगाबाइट कर्नलला दिला. विंडोजमध्ये ही वाटणी सामान्यतः निम्मी-निम्मी होती. प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्ता-अवकाशात कर्नलला जागा देण्यामागे वेगाचा विचार होता. कार्यक्रमाने कर्नलची सेवा मागितली तरी पान-तक्ते बदलावे लागत नाहीत आणि प्रोसेसरने जवळ साठविलेली पत्त्यांची रूपांतरे टाकून द्यावी लागत नाहीत. पत्ते खर्ची घालून वेग मिळविण्याचा हा व्यवहार रॅम थोडी होती तोवर फायद्याचाच होता.

लिनक्सने आपल्या १ गिगाबाइटपैकी ८९६ मेगाबाइटमध्ये भौतिक स्मृतीचा आरंभीचा भाग कायमचा जोडून ठेवला व उरलेले १२८ मेगाबाइट तात्पुरत्या जोडण्यांसाठी व तत्सम कामांसाठी राखले. ८९६ मेगाबाइटपलीकडची रॅम कर्नलला थेट दिसत नसे. तेथे कार्यक्रमांची पाने ठेवता येत. पण कर्नलच्या स्वतःच्या बहुतेक नोंदी खालच्या भागातच ठेवाव्या लागत.

१९९५ मध्ये पेंटियम प्रो प्रोसेसरने भौतिक पत्ता ३६ बिटांचा केला आणि ६४ गिगाबाइट रॅम शक्य झाली. आभासी पत्ता मात्र ३२ बिटांचाच राहिला. कर्नल रॅमच्या प्रत्येक पानासाठी एक नोंद ठेवतो. ती ३२ बाइटची धरली तरी ६४ गिगाबाइटमधील सुमारे १ कोटी ६८ लाख पानांसाठी ५१२ मेगाबाइट लागतात, म्हणजे ८९६ पैकी निम्म्याहून अधिक जागा केवळ नोंदवहीतच जाते. जमीन मुबलक, पण तिचे उतारे ठेवायला चावडीत जागा नाही, अशी ही अवस्था होती. कित्येक गिगाबाइट मोकळे असतानाही स्मृती संपली असे ठरवून कर्नल कार्यक्रम बंद पाडू शके, तो यामुळेच.

२००३ मध्ये इंगो मोल्नार यांनी कार्यक्रम व कर्नल या दोघांनाही जवळजवळ पूर्ण ४ गिगाबाइटचे स्वतंत्र अवकाश देणारी योजना मांडली. जागेचा प्रश्न सुटला. परंतु कर्नलकडे होणाऱ्या प्रत्येक फेरीत तक्ते बदलावे लागू लागले. मुख्य लिनक्समध्ये ही योजना स्वीकारली गेली नाही, तरी रेड हॅटने मोठ्या सर्व्हरसाठी ती वितरित केली. त्याच वर्षी एएमडीचा ऑप्टेरॉन हा ६४ बिट प्रोसेसर बाजारात आला आणि या खटाटोपाचे प्रयोजन हळूहळू संपले.

६४ बिट या नावावरून वाटते तितके पत्ते मात्र तेथेही मिळाले नाहीत. पान-तक्त्याची प्रत्येक पातळी ९ बिट हाताळते व पानाच्या आतील स्थानासाठी १२ बिट लागतात. चार पातळ्यांचे ४८ बिट, म्हणजे २५६ टेराबाइट होतात आणि त्यांचीही कार्यक्रम व कर्नल यांच्यात निम्मी-निम्मी वाटणी होते. २०१७ मधील लिनक्स ४.१४ पासून पाचव्या पातळीची सोय झाली व मर्यादा ५७ बिटांवर गेली.

जागेची चणचण अशी मिटली, पण जुनी रचना वेगळ्याच कारणाने अडचणीत आली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला. कार्यक्रमाच्या अवकाशात जोडलेली, परंतु त्याला वाचण्यास मनाई असलेली कर्नलची स्मृती इंटेलच्या अनेक प्रोसेसरांवर अप्रत्यक्षपणे वाचता येत होती. उपाय म्हणून दोघांचे तक्ते वेगळे करण्यात आले. २००३ मध्ये जो खर्च जड वाटला होता, तो आता सुरक्षिततेसाठी पत्करावा लागला. नव्या प्रोसेसरांत पत्त्यांच्या रूपांतरांवर ओळखक्रमांक घालण्याची सोय असल्याने त्याचा भार बराच हलका होतो. ज्या जुन्या यंत्रांत ती नाही, तेथे कर्नलकडे वारंवार फेऱ्या घालणाऱ्या डेटाबेससारख्या कामांचा वेग स्पष्टपणे घटतो.