वाटोळें चित्र आणि सपाट नकाशा

पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, हा जुना पेंच हवामान-उपग्रहांच्या चित्रांतही सुटलेला नाहीं. २०१६ सालीं भारतानें सोडलेला इन्सॅट-३डीआर हा उपग्रह विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशीं, सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर स्थापिला गेला. तेथून पृथ्वी थाळीसारखी वाटोळी दिसते. अवरक्त चित्राच्या मध्यभागीं जो बिंदु ४ किलोमीटर रुंद प्रदेश दाखवितो, तोच कडेला, तिरप्या दृष्टीमुळें, कितीतरी अधिक प्रदेश व्यापतो.

ही थाळी नकाशावर पसरण्यासाठीं जीडीएएल ही विनामूल्य संगणकप्रणाली आहे. उपग्रहाचें स्थान सांगून ‘जीडीएएलवार्प’ ही एका ओळीची आज्ञा लिहिली, म्हणजे प्रणाली उलट्या वाटेनें काम करूं लागते. कोऱ्या नकाशाचें एकेक घर घ्यावयाचें, तें मूळ चित्रांत कोठें पडतें हें गणितानें काढावयाचें, आणि तेथील मूल्य त्या घरांत भरावयाचें.

परंतु हें गणित प्रत्येक बिंदु भूपृष्ठावरच आहे असें धरून चालतें. वादळी मेघाचा माथा १५ किलोमीटर उंच असूं शकतो. दिल्लीवरील असा मेघ नकाशांत सुमारें १० किलोमीटर उत्तरेकडे सरकलेला उमटतो. म्हणून नकाशा कितीही सुबक दिसला, तरी मेघ कोणत्या गांवावर आहे हें सांगण्यापूर्वीं त्याची उंची विचारली पाहिजे.