नाल्यात गाडी घालण्याआधी

(लेखमाला ‘आडवाटेची गाडी’ : भाग सहावा)

स्पितीला निघालेला गाडीवाला भेटला की पाच मिनिटांत स्नॉर्कलचा विषय निघतो. बसवू का, कुठला बसवू, खर्च किती येईल? माझं उत्तर ठरलेलं आहे: बसवायचा तर जरूर बसवा, पण कामांच्या यादीत त्याला तिसरा-चौथा नंबर द्या. इंजिनाची हवा उंचावरून घेणारी, बॉनेटशेजारी उभी असलेली ती काळी नळी सगळ्यांच्या नजरेत भरते, म्हणून पैसे आधी तिच्यावर खर्च होतात. पाणी मात्र गाडीत शिरतं ते सहसा कुणी वाकून बघत नाही अशा जागांतून, आणि त्या जागांचा बंदोबस्त स्नॉर्कलपेक्षा कितीतरी स्वस्तात होतो.

पाणी कुठलं, हेही आधी स्पष्ट असलेलं बरं. पुण्या-मुंबईकडून थार, गुरखा, फॉर्च्युनर घेऊन जाणाऱ्यांची खरी परीक्षा होते ती ग्रांफू ते लोसर या टप्प्यात. ग्रांफूपासून छत्रू, छोटा दारा, बातल करत चंद्रा नदीच्या काठाकाठाने वाट कुंझुम खिंडीकडे चढते. खिंडीची उंची साडेचार हजार मीटरच्या वर आहे. वाटेत बर्फाच्या आणि हिमनद्यांच्या पाण्याचे नाले थेट रस्त्यावरून आडवे वाहतात. पाणी बर्फासारखं गार, तळाशी सुटे गोटे, आणि पातळी तासातासाला वेगळी. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळणं मंदावतं, म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीन-चारच्या सुमारास गुडघ्याच्या वर चढलेला असतो. या रस्त्यावर पहाटे निघणं ही पहिली तयारी, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आता इंजिन. इंजिनात पाणी गेलं की काय होतं, हे एकदा आकड्यांत पाहिलं की आयुष्यभर लक्षात राहतं. चार सिलिंडरचं २.२ लिटरचं डिझेल इंजिन घेऊ. एका सिलिंडरमध्ये साधारण ५५० मिली हवा मावते. ती दाबली जाते साधारण सोळास एक या प्रमाणात, म्हणजे पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरलेली जागा जेमतेम ३५ मिलीच्या आसपास असते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढ्या जागेत मावणार नाही इतकं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं, म्हणजे दोन-तीन घोट, की वर येणारा पिस्टन जागच्या जागी अडतो. पण बाकीचे तीन आणि फ्लायव्हील फिरतच असतात. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉकला भोक पाडतो. हेच इंजिन दोन हजार आरपीएमला मिनिटाला दोन हजार लिटरहून जास्त हवा ओढतं. एवढ्या ओढीपुढे हवेच्या तोंडाशी आलेलं पाणी आत जायला क्षणही लागत नाही.

म्हणून गाडी घरासमोर उभी असतानाच बॉनेट उघडा आणि हवा नेमकी कुठून आत जाते ते शोधा. बऱ्याच गाड्यांत हे तोंड हेडलाइटच्या मागे किंवा फेंडरच्या आत असतं. जमिनीपासून त्याची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. पाणी स्थिर असेल आणि तुम्ही अगदी सावकाश जात असाल तरच ही उंची खरी. जोरात घुसलात तर समोर उठलेली लाट बॉनेटवर येते आणि मोजलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. कंपनीने दिलेली वेडिंग डेप्थ, म्हणजे गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते तो आकडा, हीही अशीच समजायची. थारला ती ६५० मिमी आहे, गुरखाला ७०० मिमी, आणि गुरखाला स्नॉर्कल कारखान्यातूनच लागून येतो. थारच्या १८ इंची रिमवरच्या टायरची पूर्ण उंची सुमारे ७९ सेंमी भरते. म्हणजे ६५० मिमी पाण्यात चाकाचा वरचा १४ सेंमी भाग तेवढा कोरडा राहतो. चाकावर खडूने ही रेघ एकदा ओढून पाहाच. ‘साडेसहाशे चालतं’ असं सहज बोलणारी माणसं ती रेघ पाहून गप्प होतात.

स्नॉर्कल बसवल्यावर त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती कुठल्याही गॅरेजमध्ये घेता येते. इंजिन चालू करून नुसत्या आयडलिंगवर ठेवा आणि वरचं तोंड जाड रबराच्या तुकड्याने घट्ट झाका. इंजिन गुदमरून काही सेकंदांत बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं, तर हवा दुसरीकडून येते आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार. बहुतेक वेळा चोर सापडतो तो एअर फिल्टरच्या डब्याच्या बुडाशी: आतलं पावसाचं पाणी निथळावं म्हणून तिथे एक छोटी रबरी झडप असते. ती कडक होऊन फाटलेली असते, किंवा बसवणाऱ्याने तिच्याकडे पाहिलेलंच नसतं. नळी आणि डबा यांच्यातला सांधा हा दुसरा संशयित. बाजारात दिसायला झकास, पण आतून कुठेच घट्ट न जोडलेले स्नॉर्कल भरपूर मिळतात. ते नसलेलेच बरे, कारण ते माणसाला खोल पाण्यात जायचा धीर देतात.

पण माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे ब्रीदर. डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस या सगळ्यांत तेल असतं आणि तेलाच्या वर थोडी हवा असते. गाडी चालली की तेल तापतं, हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट म्हणजे ब्रीदर. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर हात फिरवलात तर अंगठ्याच्या नखाएवढी एक टोपी हाताला लागेल. काही गाड्यांत तिथून आखूड रबरी नळी वर जाते. आता घाट चढून आलेला ८५ अंशांवरचा अ‍ॅक्सल ५ अंशांच्या पाण्यात बुडाला, की आतली हवा झपाट्याने आकसते. आत एक लिटर हवा असेल तर जवळजवळ २२० मिलीची जागा रिकामी होते, आणि ती भरून काढायला ब्रीदर पाणीच ओढतो. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर आणखी वाईट. मग ही ओढ ऑइल सीलवर येते आणि पाणी सीलच्या ओठाशेजारून आत जातं. गाडी पलीकडे जाते, सगळे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. महिना-दोन महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागलं, की तो आवाज त्या नाल्याचा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ब्रीदरला तेल सोसणारी चांगली नळी जोडायची आणि तिचं टोक फायरवॉलजवळ किंवा मागच्या दिव्यापाशी, गाडीत जितकं उंच नेता येईल तितकं न्यायचं. टोकाला छोटा फिल्टर. अ‍ॅक्सल वरखाली होतो, म्हणून नळीला ढील ठेवायची आणि सायलेन्सरपासून ती लांब बांधायची. कुशल मिस्त्रीचं अर्ध्या दिवसाचं काम. हे झाल्याशिवाय स्नॉर्कलवर पैसे घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

क्लचकडेही एक नजर टाका. जुन्या लँड रोव्हरमध्ये क्लचच्या हाउसिंगच्या तळाशी एक भोक असतं. तेल गळलं तर ते साचू नये म्हणून ते उघडं ठेवतात, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी त्यात बसवायचा प्लग गाडीसोबतच मिळायचा. पाण्यातून गेल्यावर प्लग काढायचा. युद्धकाळातल्या जीपचीही कथा अशीच. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या वाहनांची विजेची जोडणी ग्रीसमिश्रित लेपाने बुजवली होती, हवेच्या आणि धुराच्या नळ्या उंच नेल्या होत्या, आणि किनारा गाठल्यावर तो सगळा लेप लवकरात लवकर खरवडून काढायचा असे हुकूम होते, नाहीतर इंजिन तापून बसलं असतं. पुढे हीच विलिज जीप महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. आज थारच्या ब्रीदरला आपण नळी जोडतो ती त्याच विचाराने.

विजेचं काम आटोपशीर आहे: कनेक्टर उघडून त्यांत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, फ्यूजबॉक्सचं झाकण नीट बसतंय ना ते पाहा, इसीयू कुठे आहे ते माहीत करून घ्या. पंख्याला मात्र गंभीरपणे घ्या. वेगाने फिरणारी प्लास्टिकची पाती पाण्यात शिरली की पुढे वाकतात आणि रेडिएटरला कापतात. ग्रिलवरून आडवी ताडपत्री बांधली तर पाणी बाजूने जातं आणि बॉनेटखाली पातळी खाली राहते. पण गाडी पुढे सरकत असेल तोवरच. मध्येच थांबलात की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येतं.

आता एक गोष्ट, जी कुठल्याही अ‍ॅक्सेसरीने सुटत नाही. गाडी तरंगते. ढोबळ हिशेब करू. गाडीचं वजन पावणेदोन टन. तिचं बूड जमिनीपासून ४५ सेंमीवर आणि पाणी ६५ सेंमी, म्हणजे बॉडीचा २० सेंमी भाग बुडाला. लांबी साडेतीन मीटर, रुंदी एक मीटर साठ धरली तर एक घनमीटरहून जास्त पाणी बाजूला सारलं गेलं. आत पाणी शिरेपर्यंत तेवढा एक टनाहून अधिक जोर गाडीला वर उचलतो. चाकांवर उरलं सहाशे-सातशे किलो. ओल्या गोट्यांवर त्याची पकड तीनशे-साडेतीनशे किलोची. आणि पाणी ताशी सात किलोमीटरने, म्हणजे भरभर चालण्याच्या वेगाने, बाजूने वाहत असेल तर त्याचा आडवा रेटा चारशे किलोच्या घरात जातो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणजे हवेचं तोंड कोरडं आहे, इंजिन धडधडत आहे, चारही चाकं फिरत आहेत, आणि गाडी तरीही प्रवाहासोबत निघाली आहे. कंपनीचा आकडा साठलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्यात मी त्याच्या निम्म्यावर थांबतो, आणि स्नॉर्कलने हा निम्मा आकडा एका सेंटिमीटरनेही वाढत नाही.

म्हणून आधी चालत उतरून पाहायचं: घट्ट बूट, हातात मजबूत काठी, पायाखाली खड्डा आहे का, मोठा धोंडा कुठे आहे, पलीकडे चढायला जागा कशी आहे. पाणी गढूळ असेल तर हे दुप्पट काळजीने. जिथे आपल्याला पाय रोवून उभं राहता येत नाही तिथे गाडी न्यायची नाही. अरुंद जागी नाला खोल आणि जोरदार असतो. रुंद पसरलेली जागा निवडा आणि बाहेर पडायचं ठिकाण प्रवाहाच्या थोडं खालच्या अंगाला ठेवा. या पाहणीत दहा-पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात तापलेले अ‍ॅक्सल आणि ब्रेक जरा निवतात, तो फायदा वेगळाच. टो-हुकला दोर आधीच अडकवून त्याचं दुसरं टोक बॉनेटवर बांधून ठेवा. पाण्यात बुडलेला हुक चाचपडत शोधणं फार कठीण जातं. काचा खाली, सीटबेल्ट सोडलेले, लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लचला पाय लावायचा नाही. समोर छोटी लाट उठेल, तिच्या मागेमागे एकाच वेगाने जात राहायचं.

आणि जिथे पूल आहे तिथे पुलावरूनच जा. डिसेंबर २०२३ मध्ये वाहतूक कोंडी चुकवायला एकाने चंद्रा नदीतून थार घातली, तो व्हिडिओ देशभर फिरला आणि लाहौल-स्पिती पोलिसांनी चलान केलं. मला ते योग्यच वाटलं. नदीकाठच्या गावांचं पिण्याचं आणि शेतीचं पाणी त्याच प्रवाहातून जातं, आणि आपल्या अ‍ॅक्सलवरचं ग्रीस त्यात धुऊन निघतं.

गाडी पाण्यात बंद पडली, तर सेल्फ मारायचा नाही. हे घरच्या सगळ्यांना पाठ करून घ्या, कारण घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप किल्लीकडे जातो. नुसत्या बंद पडलेल्या इंजिनात बहुधा मोडतोड झालेली नसते. सेल्फ मारल्यावर होते. बाहेर ओढून काढा, एअर फिल्टर उघडा. फिल्टर ओला असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवल्याशिवाय पुढचं काही करू नका. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. निघण्यापूर्वी पॉलिसी काढून वाचा.

सुखरूप पलीकडे गेलात तरी काम उरतंच. ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ते सुकतात. मुक्कामी गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी ती हलवण्याआधी डिफरन्शियलचा खालचा बोल्ट किंचित सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी तेलापेक्षा जड, रात्रभरात ते तळाशी बसतं. पहिले थेंब स्वच्छ पाण्याचे आले किंवा तेल दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं दिसलं, तर पुढे स्पितीतल्या काझाला पोचून आधी तेल बदला. नुसतं सोनेरी किंवा काळपट तेल आलं, तर बोल्ट आवळा, हात पुसा आणि पुढच्या अ‍ॅक्सलकडे वळा. तोही त्याच पाण्यातून आलेला आहे.