सरकारी दवाखान्यातली चूक : जाब कुणाला, कसा आणि कशासाठी?

काटेवाडीतल्या बहुतेक घरांत फळीवर नाहीतर पेटीत एक पिशवी असते. रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स, सोसायटीच्या पावत्या आणि त्यांच्याच घडीत दवाखान्याचे कागद : केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. दुखणं आलं की आधी आशाताईंना विचारायचं. मग बारामती गाठायची. तिथं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, एमआयडीसीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याहून जड प्रकरण असलं तर शंभरेक किलोमीटरवरचं पुण्याचं ससून रुग्णालय.

पेशंट बरा होऊन घरी आला की ती पिशवी पुन्हा फळीवर जाते. काही बिघडलं की मात्र पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'सरकारी आहे, तिथं कोण विचारतंय?' दुसरं, 'एकदा धडा शिकवला पाहिजे.' पहिल्यानं माणूस गप्प बसतो, दुसऱ्यानं हात उचलतो. काय घडलं, हे मात्र दोन्ही वाटांनी कळत नाही. म्हणून नेहमीचे काही गैरसमज इथं तपासून पाहू.

गैरसमज १ : उपचार फुकट होते, म्हणजे जाब विचारता येत नाही.

वस्तुस्थिती : येतो, फक्त दरवाजा वेगळा आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईचं बाळंतपण झालं आणि तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आणि पोटदुखी थांबेना. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत राहिलेला टॉवेल आणि पू निघाला. काही दिवसांत ती बाई गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई व्याजासह पुन्हा कायम केली. टॉवेल नेमका कुणाच्या हातून राहिला याचा छडा लागला नाही तरी चालेल, रुग्णालयातल्या नोकरांच्या हलगर्जीपणाला शासन जबाबदार आहे, असं न्यायालयानं सांगितलं. दवाखाना चालवणं हे सरकारचं कल्याणकारी काम आहे, त्याला राजसत्तेच्या अधिकाराची ढाल मिळत नाही.

ग्राहक आयोगाचं गणित निराळं आहे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार जिथं सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ते रुग्णालय ग्राहक कायद्याखाली येत नाही. जिथं काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथं मोफतवालाही ग्राहक ठरतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. तेव्हा अशा ठिकाणच्या चुकीसाठी ग्राहक आयोगाची वाट बहुधा बंद असते. दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय मात्र उघडं आहे.

गैरसमज २ : ऑपरेशनच्या आधी सही केली, आता बोलायचं तोंड उरलं नाही.

वस्तुस्थिती : घाईघाईत वऱ्हांड्यात पुढं केलेल्या त्या कागदावरची सही किंवा अंगठा म्हणजे 'शस्त्रक्रियेला आणि तिच्या नेहमीच्या धोक्यांना आमची संमती आहे' एवढंच. भूल देताना किंवा टाके घालताना कुणी निष्काळजीपणा केला तर तो माफ, असं त्यात लिहिलेलं नसतं. लिहिलं तरी कायद्यात टिकत नाही. सही करण्याआधी तीन प्रश्न मराठीत विचारावेत : काय करणार आहात, त्यात धोका काय, आणि नाही केलं तर काय होईल? उत्तर मिळाल्यावर केलेली सहीच खरी संमती.

गैरसमज ३ : पेशंट दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच.

वस्तुस्थिती : इथं तीन गोष्टींची सरमिसळ होते. सगळं नीट करूनही बाळंतपणात रक्तस्राव होऊ शकतो, ती गुंतागुंत. एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं गेलं, ती चूक. रक्तस्राव होतोय हे दिसत असून तासन्‌तास कुणी फिरकलं नाही, तो हलगर्जीपणा. फौजदारी गुन्ह्यासाठी तर साधा हलगर्जीपणाही पुरत नाही. तो घोर असावा लागतो आणि डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या, तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून शंका असेल तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. 'देहाची विटंबना नको' म्हणून पुष्कळ घरं नकार देतात आणि मृत्यूचं कारण सांगणारा मोठा पुरावा स्वतःच्या हातानं घालवतात.

गैरसमज ४ : निलंबन झालं की न्याय झाला.

वस्तुस्थिती : ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं रुग्णालयात गेली, सुदैवानं बरी झाली. बूथवरच्या तिघांवर कारवाई झाली. ती हवीच होती. पण पुढच्या पोलिओ रविवारी दुसऱ्या बूथवर हेच होणार नाही, याची हमी निलंबनाच्या आदेशात नसते. ती बाटल्या कुठं ठेवायच्या, लेबल कुणी वाचायचं, प्रशिक्षण कुणी द्यायचं, या कंटाळवाण्या प्रश्नांच्या उत्तरांत असते.

नांदेडमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण दगावले, त्यांतली बारा नवजात बाळं होती. त्यानंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. व्हिडिओ राज्यभर फिरला, अनेकांनी टाळ्याही वाजवल्या. औषधं, मनुष्यबळ आणि खाटांचा प्रश्न मात्र मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतल्यावर न्यायालयात विचारला गेला.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं आणि चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बाटली पाजणाऱ्या नर्सपाशी थांबला नाही. खरेदी, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय, अशी पायरी पायरीनं साखळी त्यानं उलगडली. जबाबदारी निश्चित करणं म्हणतात ते याला.

गैरसमज ५ : चूक कबूल केली की लोकांचा विश्वास उडतो.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना दहातल्या एका रुग्णाला काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखी असते. म्हणजे न चुकणारा दवाखाना जगात कुठंच नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून चूक झाली की ती रुग्णाला स्वतःहून सांगायची आणि भरपाई देऊ करायची पद्धत सुरू केली. दाव्यांचा पूर येईल अशी भीती होती. प्रत्यक्षात दावे कमी झाले. आपल्याकडे नातेवाईक बहुतेकदा चिडतात ते 'साहेब राउंडला गेलेत', 'वरून रिपोर्ट आल्यावर सांगू' या उत्तरांनी. खाटेशेजारी बसून कुणी वरिष्ठानं दहा मिनिटं सरळ सांगितलं, तर दुःख हलकं होत नाही, संशय मात्र वाढत नाही.

गैरसमज ६ : तोडफोड केल्याशिवाय कुणी ऐकत नाही. कागद तर देतच नाहीत.

वस्तुस्थिती : २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार डॉक्टर, नर्स किंवा दवाखान्यावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, वर नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. एक खुर्ची फेकली की फिर्यादी असलेलं घर आरोपी होतं. शिवाय त्या रात्री ड्युटीवर असतो तो बहुधा शिकाऊ डॉक्टर. औषध संपल्याचा दोष त्याचा नसतो.

कागद हा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णानं किंवा अधिकृत नातेवाइकानं मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांच्या नोंदी द्यायच्या असतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. सरकारी कार्यालयाला माहितीचा अधिकारही लागू आहे. त्याची मुदत ३० दिवस.

तेव्हा क्रम असा ठेवावा. साध्या कागदावर तारीख आणि वेळ घालून काय घडलं ते त्याच दिवशी लिहून काढा. आठवडाभरानं आठवण बदलते. संपूर्ण केसपेपरची प्रत लेखी मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ससूनला पाठवलं असेल तर चिठ्ठीवर कारण, वेळ आणि दिलेले उपचार आहेत का ते पाहा. मग वैद्यकीय अधीक्षक, त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. रुग्ण कल्याण समितीत गावाकडचा माणूस असेल तर त्याला फक्त रंगरंगोटीच्या बिलावर सही करायला ठेवू नका. गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या आणि त्यांतून काय बदललं, हे त्यानं बैठकीत विचारावं.

औरंगाबादच्या त्या घराला निकालासाठी तेहतीस वर्षं लागली. इतकी वाट कुणालाच पाहावी लागू नये. पण दावा उभा राहिला तो नुसत्या रागावर नाही, पोटातून निघालेला टॉवेल समोर होता म्हणून. दर वेळी पुरावा इतका ढळढळीत नसतो. म्हणून बारामतीहून येताना एसटीत बसण्याआधी एकदा पिशवी उघडून पाहावी : डिस्चार्ज कार्डावर तारीख, निदान, औषधं आणि सही आहे ना? नसेल तर खिडकीवर परत जायला दहा मिनिटंच लागतात.