सात वारांचं राज्य

लाइट गेली की मामांच्या त्या खोलीत दोन आवाज एकदम व्हायचे. एक यूपीएसचा, टीं टीं करत मिनिटं मोजणारा, आणि दुसरा मामांचा: "बंद करा रे ते, जळंल!" आम्ही तिघं मामे-आतेभाऊ एका कॉम्प्युटरसमोर, आणि ज्याची पाळी असेल तो माउस सोडायला तयार नसायचा. २००५-०६ चं ते आमचं जालन्याकडचं राजूर. लाइट कधी येणार हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आली की मोटार चालू करायची, दळण आणायचं, कामं उरकून घ्यायची. गाड्या पळवायचे आणि गोळ्या झाडायचे खेळ अशा गावात तग धरत नाहीत. एक खेळ तेवढा टिकला, कारण तो रोज सकाळी स्वतःच सेव्ह व्हायचा. सकाळ म्हणजे खेळातली सकाळ. लाइट परत आली की ज्या दिवशी राज्य सोडलं, त्याच दिवशी पुन्हा हजर.

'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' असं त्याचं पूर्ण नाव. जालन्याच्या बाजारातून कागदी पाकिटात आलेली सीडी, वर स्केचपेननं नुसतं 'हीरोज'. "हिरो खेळू" म्हटलं की आजीला वाटायचं, पोरं गणपतीत नाटक बसवणार आहेत.

हा खेळ १९९९ चा. कॅलिफोर्नियातल्या न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगनं केलेला. जॉन व्हॅन कॅनेघमनं काढलेली ही कंपनी तोवर थ्रीडीओ नावाच्या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेली होती. खेळाला लागायचं काय, तर १३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आणि ३२ एमबी मेमरी. मामांचा कॉम्प्युटर शेतीच्या हिशेबासाठी घेतलेला सेकंडहँड होता, त्यालाही हे ओझं झेपायचं.

चित्रं परीकथेतली. किल्ले, देवदूत, ड्रॅगन, हाडांचे सांगाडे, शिंगवाले सैतान. पण तीन-चार दिवस खेळल्यावर कळतं की आपण जादूगार वगैरे कोणी नाही, आपण कारभारी आहोत. खेळात दिवस आहेत, सात दिवसांचा आठवडा आहे, चार आठवड्यांचा महिना आहे. शहरात दिवसाला एकच इमारत बांधता येते, पैसा कितीही असो. आणि नवं सैन्य रोज मिळत नाही. ते मिळतं आठवड्याच्या पहिल्या दिवशी. आम्ही त्याला सोमवार म्हणायचो. सोमवार उजाडला की भालदार, धनुर्धारी, घोडेस्वार आपापल्या घरांतून भरतीला तयार. ते घेऊन संपले की मात्र शनिवारी-रविवारी तुम्ही डोकं आपटलंत तरी नवा माणूस मिळणार नाही. ज्यानं आठवडी बाजाराच्या गावात दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जे घ्यायचं ते बाजाराच्या दिवशी, आणि त्या दिवशी खिशात पैसा असला पाहिजे.

म्हणून सारी धडपड सोमवारच्या आधीची. सोनं, लाकूड, दगड हे रोजचे. पारा, गंधक, स्फटिक आणि रत्नं हे दुर्मीळ. एकूण सात जिन्नस. कॅसल या शहरातला देवदूत घ्यायला ३,००० सोनं आणि १ रत्न लागतं, त्याचा वरचा अवतार थेट घ्यायचा तर ५,००० आणि ३ रत्नं. शहराची साधी चावडी दिवसाला ५०० देते, ती वाढवत वाढवत राजधानी केली की ४,०००. पण राजधानी बांधायला पैसा घातला तर या सोमवारी सैन्य कमी. सैन्य घेतलं तर राजधानी लांबली. बी-बियाण्याला पैसा घालायचा की विहिरीला, हाच प्रश्न, फक्त इथं विहिरीच्या जागी ड्रॅगनची गुहा.

पक्ष मुळात आठ. पहिल्या जोडभागात नववा आला. ते नुसते रंग बदललेले पक्ष नाहीत, हे या खेळाचं खरं मोठेपण. बुद्धिबळात पांढरा आणि काळा सारखेच. इथला हिशेब आपल्या वाघ-बकरीचा. गावोगावच्या ओट्यांवर खडूनं पट आखून तो खेळ चालायचा. वाघ थोडे पण उडी मारून खाणारे, बकऱ्या पुष्कळ पण कोंडी करून जिंकणाऱ्या. दोघांचे नियम वेगळे आणि तरी डाव बरोबरीचा. हीरोजमध्ये असे एकमेकांहून वेगळे आठ पक्ष. कॅसलकडे माणसं आणि देवदूत. रँपार्टकडे जंगलातले एल्फ आणि एकशिंगी घोडे. स्ट्राँगहोल्डचे रानटी लोक अंगानं दणकट, पण त्यांच्या जादूशाळेला तीनच मजले. टॉवरच्या विद्वानांच्या शाळेला पाच. पक्षापक्षांची सरमिसळ केली तर सैन्याची उमेद खचते. त्यात एखादा मुडदा आणून उभा केला तर जिवंत शिपाई आणखी नाराज. कोण कुणाच्या पंगतीला बसणार, याची चिंता तिथंही आहेच.

माझा धाकटा मामेभाऊ कायम मुडद्यांचा पक्ष घ्यायचा, नेक्रोपोलिस. त्याचं गणित साधं होतं. एक सांगाडा म्हणजे काय? ६ प्राण, आणि मार १ ते ३. समोर वरच्या अवतारातला देवदूत: २५० प्राण, मार ५०. पण नेक्रोपोलिसचा सरदार लढाई जिंकला की शत्रूच्या मेलेल्या सैन्यातले काही जण सांगाडे होऊन त्याच्याच फौजेत येतात. विद्या पूर्ण शिकली की शंभरातले तीस. म्हणजे इतरांची फौज लढाईगणिक घटते, याची वाढते. दोन महिन्यांत त्याच्याकडे हजारावर सांगाडे जमायचे आणि मग तो काहीही न बोलता नुसता हसायचा. देवदूतांवर जीव असलेला मी दर वेळी हरायचो, आणि दर वेळी देवदूतच घ्यायचो.

लढाईचा पट वेगळा, षटकोनी घरांचा, आडवी १५ आणि उभी ११. इथली एक गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे. तुम्ही एखाद्या तुकडीवर हात टाकला की ती उलटून मारते, पण एका फेरीत एकदाच. हे कळल्यावर आम्ही प्रत्येक फौजेतून एकेक भालदार सुटा काढून ठेवायला लागलो. तो एकटा आधी पुढे जायचा, ठोसा मारायचा, समोरच्याचा उलटा वार खाऊन जागेवर मरायचा. मग मागून खरी तुकडी जायची आणि आता उलट मारायला समोर कोणी नसायचं. आम्ही त्याला 'बळीचा बकरा' म्हणायचो आणि त्याची कीव कुणालाच यायची नाही. ग्रिफिन दोनदा उलटून मारतो, त्याच्यापुढे एक बकरा पुरत नाही. टॉवरच्या नागिणीला मात्र कोणी उलटून मारूच शकत नाही. सहा हात, सहांत तलवारी, कमरेखाली शेपूट. नागपंचमीला वारुळाला पुजणाऱ्या गावात ती सगळ्यांची आवडती होती, त्यात नवल नाही. (२००६ च्या पाचव्या भागात 'राक्षस राणी' आली, आणि बढती मिळाली की तिचा 'राक्षस राजा' होतो. नाव कुठून घेतलं ते स्पष्टच आहे; बढतीचा तर्क मात्र ज्याचा त्यानं लावावा.)

जादूचंही तसंच. आर्मगेडन नावाचा मंत्र सगळं रणांगण पेटवतो, स्वतःच्या फौजेसकट. त्यावर आमची तोड म्हणजे काळे ड्रॅगन, ज्यांच्यावर कुठलाच मंत्र चालत नाही. ते उभे करायचे आणि आग लावून द्यायची. दिसायला भारी. पण खरे डाव जिंकून देणारा मंत्र पहिल्या इयत्तेतला, स्वस्तातला: स्लो. भूमीची विद्या पूर्ण असेल तर समोरची सगळी फौज एका दमात सुस्तावते, आणि तुमचे धनुर्धारी निवांत बाण सोडत राहतात. माझं मत असं की ज्यानं हा खेळ रचला, त्याला युद्धापेक्षा वेळेची जास्त जाण होती.

गुप्तधनही आहे. नकाशावर ठिकठिकाणी दगडी खांब. प्रत्येक खांबाला भेट दिली की एका कोड्याच्या चित्राचा तुकडा उघडतो. चित्र पुरेसं उघडलं की 'ग्रेल' कुठं पुरलंय ते कळतं. मग तिथं जायचं आणि खणायचं, पण खणायला अख्खा दिवस लागतो. वाटेत एक पाऊल जरी खर्च केलंत तरी आजचा दिवस गेला. आमच्या भागात गुप्तधनाच्या नादानं रात्री-अपरात्री खणणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरांना हे सारं घरचंच वाटलं. फरक इतकाच की इथं खरंच सापडायचं.

आणि गोष्ट? राणी कॅथरिन माहेरी, एराथियाला, परतते ती बापाच्या मृत्यूनंतर. राज्य शत्रूंनी गिळलेलं, आणि मुडद्यांच्या पक्षानं तिच्या बापालाच थडग्यातून उठवून गादीवर बसवलेलं. मजा अशी की उठवलेला राजा उठवणाऱ्यांनाच आवरेनासा होतो. आम्हाला इंग्रजी फारसं कळायचं नाही, म्हणून हे सारं मोठ्या भावानं अंदाजानं सांगितलेलं होतं. पुढे वाचलं तेव्हा त्याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाला. राजूरच्या पोराला अशा गोष्टींचा सराव असतोच. आमच्या टेकडीवरच्या गणपतीची कथा वरेण्य राजाची. अवतरलेलं विचित्र रूपाचं मूल त्यानं रानात टाकून दिलं, पराशर ऋषींनी वाढवलं, आणि त्याच गजाननानं सिंदुरासुराला मारलं. मग राजाला पश्चात्ताप, आणि त्याला सांगितलेली ती गणेशगीता. राजूर म्हणजे राजसदन, असं इथं मानतात. टाकलेलं मूल, चुकलेला राजा, माजलेला असुर. त्यापुढे एराथियाचं राज्य आम्हाला परकं वाटलं नाही.

या खेळाच्या जन्मगावी पुढे काय झालं ते मला फार उशिरा समजलं. पहिल्या जोडभागात नववा पक्ष म्हणून 'फोर्ज' यायचा होता, यंत्रांचा आणि बंदुकांचा. चाहते इतके भडकले की कंपनीला तो गुंडाळावा लागला आणि त्या जागी पंचमहाभूतांसारखा 'कॉन्फ्लक्स' आला. २००३ मध्ये थ्रीडीओचं दिवाळं निघालं. नावाचे हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्टनं १३ लाख डॉलरला घेतले. २०१५ ला तिनं चकचकीत आवृत्ती काढली, पण त्यात फक्त मूळ खेळ होता, जोडभाग नव्हते. त्यांचा मूळ कोड वापरता येण्याजोगा उरलाच नव्हता. घरातली माणसं असं हरवून बसली तेव्हा खेळणाऱ्यांनीच तो सांभाळला. रशियन मंडळींनी 'हॉर्न ऑफ द अबिस' नावाचा स्वतःचा जोडभाग केला, पोलंडमध्ये त्याचा पटावरचा खेळ निघाला. आणि २०२३ च्या अखेरीस त्या चाहत्यांच्या जोडभागात एक नवा पक्ष आला: 'फॅक्टरी'. यंत्रांचा. ज्यासाठी एकेकाळी कंपनीच्या नावानं खडे फोडले, ते शेवटी चाहत्यांनी आपल्याच हातानं बांधलं.

मामांचा तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. आम्ही तिघं तीन गावांना. पण गेल्या अंगारकीला राजूरला एकत्र आलो. रात्रभर जालन्याकडून पायी येणाऱ्यांची गर्दी रस्त्यावरून चाललेली, झोप कुणालाच नाही. धाकट्यानं मोबाइल काढला. व्हीसीएमआय नावानं चाहत्यांनी या खेळाचं इंजिन नव्यानं लिहून काढलंय, ते फोनवरही चालतं. जुन्या खेळाच्या फाइली तेवढ्या त्यात घालायच्या. फोन हातोहात फिरायला लागला. आपली पाळी झाली की पुढच्याकडे द्यायचा आणि तोंड दुसरीकडे वळवायचं, कारण दुसऱ्याचं राज्य बघणं ही चोरी. हा नियम कुणी सांगावा लागला नाही. तिघंही आपोआप रस्त्याकडे वळायचो.

पहाटे चारच्या सुमाराला माझ्या देवदूतांवर धाकट्याचे सांगाडे चालून आले. माझ्याकडे सोनं होतं, रत्नं होती, शहरात घर बांधून तयार होतं. तारीख पाहिली: तिसरा आठवडा, सातवा दिवस.

"थांब ना रे एक दिवस," मी म्हणालो.

"कामून थांबू?" तो म्हणाला, आणि नेहमीसारखा हसला.