ग्राफिक्स कार्ड पाहुणीच्या हवाली

जानेवारी २०१६ मध्ये कॅनडातल्या ‘लायनस टेक टिप्स’ या यूट्यूब वाहिनीने एक अजस्र संगणक बांधून दाखवला. एकाच पेटीत दोन झिऑन प्रोसेसर, २५६ जीबी रॅम आणि सात ग्राफिक्स कार्डे. त्याला सात पडदे, सात कीबोर्ड आणि सात माऊस जोडले गेले आणि सात जण एकाच वेळी गेम खेळायला बसले. प्रत्येकाच्या समोर स्वतंत्र विंडोज होती, प्रत्येकाचे ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र होते आणि या साती विंडोजच्या खाली एकच लिनक्स चालू होते.

एवढा खर्चिक संगणक घरी कोणी बांधणार नाही. त्यामागचे तंत्र मात्र साध्या घरगुती संगणकावरही चालते. लिनक्सवर काम करणाऱ्या आणि गेमसाठी विंडोज लागणाऱ्या अनेक हौशी मंडळींनी ते आपापल्या टेबलावर उभे केले आहे. त्याला ‘जीपीयू पासथ्रू’ म्हणतात. संगणकाचे ग्राफिक्स कार्ड लिनक्सकडून काढून घ्यायचे आणि लिनक्सच्या आत चालणाऱ्या विंडोजच्या हवाली करायचे, असा हा मामला. वाक्य सोपे आहे, पण ते प्रत्यक्षात यायला संगणकशास्त्राची जवळपास चार दशके खर्ची पडली.

अडचण जुनी आहे. बहुतेक मोठे गेम विंडोजसाठीच लिहिले जातात. लिनक्सवाल्यांपुढे वर्षानुवर्षे एक मार्ग होता: डिस्कचे दोन भाग करायचे, एकावर लिनक्स, दुसऱ्यावर विंडोज, आणि खेळायचे झाले की सगळे काम बंद करून संगणक नव्याने सुरू करायचा. दुसरा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाचा. मूळ लिनक्स हे यजमान आणि आतली विंडोज ही पाहुणी. या पाहुणीला वाटते की अख्खे यंत्र आपलेच आहे. पत्रव्यवहार, हिशेब, एखादे जुने सॉफ्टवेअर यांसाठी हा मार्ग उत्तम. गेम लावला की मात्र पडदा अडखळू लागायचा.

प्रोसेसरचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका शोधनिबंधात प्रोसेसरची रचना कशी असली म्हणजे व्हर्च्युअल मशीन नीट चालेल, याच्या अटी मांडल्या. आपल्या टेबलावरच्या संगणकात असणारे इंटेल घराण्याचे प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. तिचा फायदा घेऊन कुमरानेट या इस्रायली कंपनीत अवी किविटी यांनी केव्हीएम हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर लिहिले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, भाग झाले. पुढच्याच वर्षी रेड हॅटने कुमरानेट विकत घेतली. तेव्हापासून पाहुणीचा बराचसा कोड खऱ्या प्रोसेसरवर जवळजवळ पूर्ण वेगाने धावतो.

ग्राफिक्सचे दुखणे तसेच राहिले. पाहुणीला मिळायचे ते नकली कार्ड, सॉफ्टवेअरने रचलेले. गेमला सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. खरे कार्ड हजारो छोटी गणन-एकके एकदम कामाला लावून ती वेळ पाळते. नकली कार्डाला हे जमणे शक्यच नव्हते. मग खरे कार्डच पाहुणीला का देऊ नये?

त्यात मेमरीची अडचण होती, आणि या विषयातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. ग्राफिक्स कार्ड मेमरीतली माहिती प्रोसेसरला न विचारता स्वतःच उचलते आणि स्वतःच लिहिते. वेगासाठी ते आवश्यकच असते. समजा, पाहुण्या विंडोजला १६ जीबी मेमरी दिली आहे. तिच्या हिशेबाने ही मेमरी शून्य क्रमांकापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती खऱ्या रॅममध्ये कुठेही असू शकते, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलीही असू शकते. कार्ड चालवणारा विंडोजचा ड्रायव्हर कार्डाला सांगतो, ‘भिंतीचे चित्र अमुक पत्त्यावर आहे, घेऊन ये.’ कार्ड निघते ते खऱ्या रॅममधल्या त्या पत्त्याकडे, आणि तिथे कदाचित लिनक्सचा कर्नल बसलेला असतो. संगणक कोसळणे हा त्यातला बरा शेवट. वाईट म्हणजे, आतल्या एखाद्या लबाड प्रोग्रॅमला कार्डाच्या हाताने यजमानाची सारी मेमरी वाचता येईल.

यावरचा उपाय म्हणजे आयओएमएमयू. हा हार्डवेअरचाच भाग कार्ड आणि रॅम यांच्या मध्ये बसतो. इंटेलच्या यंत्रांत त्याचे नाव व्हीटी-डी, एएमडीच्या यंत्रांत एएमडी-व्हीआय. प्रत्येक उपकरणासाठी त्याच्याकडे एक तक्ता असतो: या कार्डाने मागितलेला हा पत्ता म्हणजे खऱ्या रॅममधला तो पत्ता. तक्त्यात नसलेला पत्ता मागितला तर विनंती तिथेच अडते. कार्डाला आणि विंडोजला यातले काही कळतही नाही. हे भाषांतर हार्डवेअरमध्ये होत असल्याने वेगावर त्याचा फारसा भार पडत नाही.

ही सोय खेळणाऱ्यांसाठी केलेली नव्हती. नेटवर्क कार्डे आणि साठवणुकीची उपकरणे थेट पाहुण्यांना देता यावीत, ही सर्व्हर चालवणाऱ्यांची मोठी गरज होती. लिनक्समध्ये ते काम सुरक्षितपणे करणारी व्हीएफआयओ ही यंत्रणा २०१२ मध्ये, कर्नलच्या ३.६ आवृत्तीत आली. रेड हॅटचे अभियंते ॲलेक्स विल्यमसन यांनी तिची धुरा वाहिली आणि ग्राफिक्स कार्डांसाठी लागणारी सोयही तिच्यात जोडली. डेटा सेंटरसाठी घडवलेले अवजार फुकटात, खुल्या स्वरूपात घरगुती वापरकर्त्याच्या हाती पडले.

उत्साहाने कामाला लागणारा माणूस पहिल्यांदा अडतो तो ‘आयओएमएमयू गटां’पाशी. एकाच जोडणीमागे बसलेली काही उपकरणे आयओएमएमयूला न कळवता परस्परांशी बोलू शकतात. त्यांची पक्की विभागणी मदरबोर्डने केली नसेल, तर लिनक्स त्यांना एका गटात धरते आणि अख्खा गट एकत्रच सोपवायला लावते. सामाईक सातबाऱ्यावरची जमीन एकट्याच्या सहीने विकता येत नाही, तसेच हे. ग्राफिक्स कार्डाच्या गटात डिस्कचा कंट्रोलरही येऊन बसला असेल तर घोडे तिथेच अडते. हे गट कृत्रिमपणे फोडणारा एक पॅच हौशी लोकांत चालतो, पण तो यजमानाच्या सुरक्षेचा आधारच काढून घेतो. कर्नलच्या अधिकृत आवृत्तीत त्याला जागा मिळालेली नाही, आणि हा निर्णय योग्यच आहे.

गट जुळले की पुढची मांडणी अशी. शक्यतो दोन ग्राफिक्स कार्डे हवीत: एक लिनक्सच्या पडद्यासाठी, तिथे प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्सही पुरते, आणि एक ताकदवान कार्ड पाहुणीसाठी. संगणक सुरू होतानाच ताकदवान कार्ड व्हीएफआयओच्या ड्रायव्हरकडे बांधून ठेवतात, म्हणजे लिनक्स त्याला हात लावत नाही. त्याच कार्डातून एचडीएमआयचा आवाज देणारा भागही सोबत द्यावा लागतो. प्रोसेसरचे काही कोर पाहुणीसाठी राखून ठेवतात, कारण तिचे काम या कोरवरून त्या कोरवर उड्या मारू लागले की चित्रांचा ओघ तुटतो. विंडोज ११ ला टीपीएम ही सुरक्षेची चिप हवी असते, तीही सॉफ्टवेअरने पुरवता येते. विंडोजचा परवाना अर्थातच वेगळा घ्यावा लागतो. मांडणी नीट झाली की गेमचा वेग थेट विंडोजवर मिळणाऱ्या वेगाच्या अगदी जवळ जातो.

एक गैरसोय उरते. पाहुणीचे चित्र तिच्या कार्डाच्या मागच्या जोडणीतून बाहेर येते, म्हणजे दुसरा पडदा घ्या किंवा केबल बदलत बसा. ऑस्ट्रेलियातले प्रोग्रॅमर जेफ्री मॅक्रे यांनी २०१७ मध्ये यावर ‘लुकिंग ग्लास’ हा तोडगा काढला. तयार झालेले प्रत्येक चित्र पाहुणी सामाईक मेमरीच्या एका तुकड्यात ठेवते आणि लिनक्स तिथून उचलून आपल्या खिडकीत दाखवते. दाबून लहान करणे नाही, नेटवर्कवरून पाठवणे नाही. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र, प्रत्येक बिंदूला चार बाइट धरून, सुमारे ८.३ एमबीचे होते. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे जवळपास ५०० एमबी. फोर-के पडद्यासाठी हाच आकडा २ जीबीच्या घरात जातो. आकडे मोठे वाटतात, पण आजच्या रॅमला आणि पीसीआय एक्स्प्रेसला ते सहज पेलतात. म्हणून विंडोजवरचा भारी गेम लिनक्सच्या एका साध्या खिडकीत, जाणवेल असा उशीर न होता चालतो. या छंदातून निघालेली ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल.

हार्डवेअरने वाट मोकळी केली तरी कंपन्यांनी ती लगेच मोकळी केली नाही. एनव्हिडियाच्या जीफोर्स कार्डांचा विंडोज ड्रायव्हर आपण केव्हीएमच्या आत चालतो आहोत हे ओळखायचा आणि ‘कोड ४३’ ही त्रुटी दाखवून बंद पडायचा. त्याच कंपनीच्या महागड्या व्यावसायिक कार्डांवर ही आडकाठी नव्हती. लोकांनी पाहुणीपासून केव्हीएमची ओळख लपवायला सुरुवात केली. सेटिंगमधल्या दोन-चार ओळींचे ते काम होते, पण त्या ओळी माहीत नसलेल्या कित्येकांना आपले कार्डच बिघडल्यासारखे वाटे. अखेर २०२१ च्या वसंतात, ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने जीफोर्स कार्डे व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरायला अधिकृत मुभा दिली. पूर्ण किंमत मोजून घेतलेले कार्ड आपल्याच संगणकात कुठे वापरायचे, हे मालकाने ठरवायला हवे होते. ही मुभा आधीच मिळायला हवी होती.

एएमडीच्या कार्डांचे दुखणे वेगळे होते. पोलारिस, व्हेगा आणि सुरुवातीच्या नाव्ही पिढीतली अनेक कार्डे पाहुणी बंद झाल्यावर मूळ स्थितीत परतत नसत. विंडोज पुन्हा सुरू करायची तर अख्खा संगणकच बंद करून सुरू करावा लागे. त्यासाठीचा दुरुस्ती-मॉड्यूल लिहिणाऱ्यांतही मॅक्रे होते. २०२० अखेरीस आलेल्या आरएक्स ६००० मालिकेपासून हा त्रास बराच कमी झाला.

आजचा मोठा अडथळा मात्र स्पर्धात्मक ऑनलाइन गेममधल्या फसवणूकरोधक प्रणालींचा आहे. राइअट गेम्सची ‘व्हॅनगार्ड’ २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’सोबत आली आणि २०२४ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’लाही लागू झाली. ती विंडोजच्या कर्नलमध्ये बसते आणि व्हर्च्युअल मशीनला थारा देत नाही. व्हर्च्युअल मशीन लपवणेही सोपे नाही. ‘सीपीयूआयडी’ ही प्रोसेसरची एक साधी सूचना आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती दर वेळी यजमानाकडे जाऊन परतते, त्यामुळे तिला नेहमीपेक्षा कित्येक पट वेळ लागतो. तेवढ्या फरकावरून आतला प्रोग्रॅम आपण कुठे आहोत हे ओळखू शकतो. कंपन्यांची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण फसवणुकीची साधने यजमानात लपवली तर पाहुणीतल्या पहारेकऱ्याला ती दिसत नाहीत. मात्र अशा गेमसाठी मशीन लपवण्याचे उद्योग करू नयेत, खाते कायमचे बंद होण्याचा धोका खरा आहे.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक मार्ग रुंद होत गेला. विंडोजचे प्रोग्रॅम विंडोजशिवाय लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘स्टीम’ हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याच पायावर ‘प्रोटॉन’ आणले. विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या ग्राफिक्स सूचना लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या सूचनांमध्ये बदलणारे डीएक्सव्हीके त्यात होते. फिलिप रेबोले यांनी ते मुळात ‘नियर: ऑटोमॅटा’ हा गेम लिनक्सवर चालावा म्हणून लिहायला घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला व्हॉल्व्हचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक लिनक्सवरच चालतो आणि हजारो विंडोज गेम प्रोटॉनमधून चालवतो. एकट्याने खेळायच्या बहुतांश गेमसाठी आता पासथ्रूची खटपट करण्याचे कारण उरलेले नाही.

म्हणून हे तंत्र निरुपयोगी ठरत नाही. प्रोटॉनला न झेपणारे गेम, विंडोजवरच चालणारी त्रिमितीय आराखड्यांची आणि व्हिडिओ संपादनाची सॉफ्टवेअर, ही कामे लिनक्स बंद न करता करायची असतील तर पासथ्रूला तोड नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि अनेकांनी लिनक्सची वाट धरण्याचा विचार सुरू केला. त्यांच्यातल्या ज्यांचे पोट विंडोजवरच्या एखाद्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यांना ही माहिती उपयोगी पडेल. क्लाउडवर तासाच्या भाड्याने मिळणारी ग्राफिक्स कार्डे, ज्यांच्यावर आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम चालते, तीही मोठ्या प्रमाणात याच पद्धतीने भाडेकरूच्या व्हर्च्युअल मशीनला जोडलेली असतात. घरी बसून हे जुळवलेल्या विद्यार्थ्याने डेटा सेंटरमधले एक महत्त्वाचे काम स्वतःच्या हाताने केलेले असते.

प्रयोग करायचा असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दुसरे कार्ड शोधण्याआधी आपल्या मदरबोर्डचे गट तपासावेत. बायोसमध्ये व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू हा पर्याय चालू करावा, पेनड्राइव्हवरून कोणतेही लिनक्स सुरू करावे आणि कोणते उपकरण कोणत्या गटात आहे ते पाहावे. याला खर्च नाही आणि डिस्कवरच्या विंडोजला धक्काही लागत नाही. गट एकमेकांत अडकलेले दिसले तर पैसे तूर्त राखून ठेवावेत आणि आपला गेम प्रोटॉनवर चालतो का, ते आधी पाहावे.