अल्झायमर : गुठळ्यांचा शोध आणि औषधांची मर्यादा

मेंदू आणि वार्धक्य : लेखांक ५

अल्झायमर हा मेंदूतील चेतापेशी हळूहळू निकामी करणारा आजार आहे. उतारवयात होणाऱ्या स्मृतिभ्रंशात त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्ण महिलेच्या मेंदूतील दोन खुणा मांडल्या : पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत झालेले तंतूंचे गुंते. पुटे बीटा-ॲमिलॉइड नावाच्या प्रथिन-तुकड्याची आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. पुढचे बहुतेक संशोधन या दोन प्रथिनांभोवती फिरत राहिले.

मुंबईतील आणि देशातील प्रमाण

सी. जे. वास आणि सहकाऱ्यांनी मुंबईत चाळिशी ओलांडलेल्या २४,४८८ जणांची टप्प्याटप्प्याने पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५ वर्षे व त्यापुढील वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले, तर निव्वळ अल्झायमरचे सुमारे दीड टक्का. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचा २०२३ मधील अंदाज मात्र ६० वर्षांवरील लोकसंख्येत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा आहे. दोन्ही पाहण्यांतील वयोगट आणि चाचण्या वेगळ्या असल्याने या आकड्यांवरून आजार तिप्पट झाला असे म्हणता येत नाही. निदान किती बारकाईने केले जाते, यावर असे आकडे बरेच अवलंबून असतात. ‘वय झालं की विसरायला होणारच’ असे म्हणून सोडून दिलेला रुग्ण दवाखान्याच्या नोंदीत येत नाही.

कारणांचा उलगडा

जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार आजाराची सुरुवात बीटा-ॲमिलॉइड साचण्यापासून होते. टाऊचे गुंते, पेशींचा नाश आणि स्मरणशक्तीचा ऱ्हास हे त्याचे पुढचे टप्पे. या मताला भक्कम आधार आनुवंशिकतेने दिला. ॲमिलॉइड ज्या मूळ प्रथिनापासून तुटून निघते त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असते. त्यात विशिष्ट बिघाड असलेल्या कुटुंबांत हा आजार लवकर होतो. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वे गुणसूत्र एक जास्तीचे असते आणि अशा व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीच्या सुमारास ॲमिलॉइडची पुटे दिसतात. अशी उदाहरणे एकूण रुग्णांत थोडी असतात. उतारवयातील नेहमीच्या अल्झायमरमध्ये एपीओई-४ या जनुक-प्रकाराने धोका वाढतो, हे १९९३ मध्ये कळले. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण लोकसंख्येत हा प्रकार अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला आणि तेथे अल्झायमरचे प्रमाणही कमी होते.

गृहीतकातील उणीवही लवकरच दिसली. काही वृद्धांच्या मेंदूत भरपूर पुटे असूनही त्यांची स्मरणशक्ती शाबूत राहते. रुग्णाच्या ऱ्हासाशी पुटांपेक्षा टाऊच्या गुंत्यांचा मेळ अधिक बसतो. म्हणून आता मेंदूतील दाह, रक्तवाहिन्यांचे विकार आणि पेशींतील कचरा काढणाऱ्या यंत्रणेचा बिघाड यांचाही अभ्यास होतो.

पवईतील संशोधन

विरघळलेले प्रथिन घट्ट तंतूंत कसे बदलते, हा या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न पवईच्या आयआयटीतही अभ्यासला जातो. तेथील समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात आल्फा-सिन्युक्लिनविषयीचे निष्कर्ष मांडले. हे प्रथिन मुख्यतः पार्किन्सनशी निगडित आहे. ते आधी सूक्ष्म द्रव थेंबांत गोळा होते, थेंब कालांतराने घट्ट होतात आणि त्यांतून तंतू तयार होतात, असे त्यांना आढळले. टाऊही असे थेंब बनवतो, हे इतर प्रयोगशाळांनी दाखवले आहे. एकदा तंतू बनले की ते विरजणासारखे काम करतात : शेजारचे चांगले प्रथिनही त्याच घडणीत ओढले जाते. अशी घडण दर वेळी घातकच असते असे नाही. पीयूष ग्रंथी काही संप्रेरके ॲमिलॉइडच्याच रूपात साठवते, असे माजी यांच्याच सहभागाने झालेल्या २००९ मधील संशोधनात दिसून आले.

उपचार : किती आणि कोणाला

डोनेपेझिलसारखी जुनी औषधे पेशींमधील संदेशवहनाला हातभार लावतात. लक्षणे काही काळ सौम्य होतात, पण मूळ आजार थांबत नाही. लेकानेमॅब या प्रतिपिंड औषधाला जुलै २०२३ मध्ये, तर डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ही औषधे शिरेतून दिली जातात आणि मेंदूतील ॲमिलॉइड खरोखर कमी करतात. लेकानेमॅबच्या १,७९५ रुग्णांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणाचा होता. एवढा फरक घरच्यांना जाणवेल का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काही रुग्णांच्या मेंदूला सूज येते किंवा सूक्ष्म रक्तस्राव होतो, त्यामुळे वारंवार एमआरआय करावा लागतो. एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका अधिक असतो. शिवाय ही औषधे केवळ सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठी आहेत.

त्यामुळे लवकर निदानाला महत्त्व आले आहे. पूर्वी त्यासाठी पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी लागे. मे २०२५ मध्ये अमेरिकेत टाऊ आणि ॲमिलॉइडचे गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. ती लक्षणे असलेल्या व्यक्तींसाठी असून निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीसाठी नाही.

हातात असलेले उपाय

‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ते सर्व दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. अपुरे शिक्षण, ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण हे त्यांपैकी काही. रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय घाटकोपरच्या राजावाडीसारख्या पालिका रुग्णालयांतही आहे.

तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, रोजच्या स्टेशनवरून घरी येताना वाट चुकणे, नेहमीचा हिशेब न जमणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते. या तिन्हींवर उपचार उपलब्ध आहेत. म्हणूनच अल्झायमरचा शिक्का बसण्याआधी ही कारणे तपासून घेणे आवश्यक आहे.