स्मृतिगळती, अंतःस्थापित आज्ञावलींतील

यंत्राच्या आत बसविलेल्या संगणकाची आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर चालू असताना तिने कामापुरती घेतलेली स्मृती काम संपल्यावर परत केली नाही, तर जो दोष उद्भवतो त्यास स्मृतिगळती म्हणतात. येथे बाहेर काहीच गळत नाही; घेतलेली जागा वापराविना अडून राहते व शिल्लक स्मृती घटत जाते. उघडलेल्या फाइली, संपर्कमार्ग, टायमर इ. साधने मोकळी न केल्याने होणारा असाच दोष साधनगळती होय.

कोल्हापूरजवळील शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे म्हणजे फौंड्रीचे व यंत्रकामाचे कारखाने आहेत. ओतीव भाग कातणाऱ्या व त्यांस भोके पाडणाऱ्या संगणक-नियंत्रित यंत्रांत अंतःस्थापित संगणक असतात. असा नियंत्रक अनेक पाळ्या सलग चालू राहू शकतो. समजा, एखाद्या नियंत्रकात ६५,५३६ बाइट स्मृती शिल्लक असून दर मिनिटाला १६ बाइट अडकतात. ८ तासांच्या पाळीत ७,६८० बाइट म्हणजे सु. १२ टक्केच स्मृती खर्ची पडते व पाळीभराच्या चाचणीत यंत्र निर्दोष भासते. सु. ६८ तासांनी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, स्मृती संपते आणि काम मध्येच थांबू शकते. म्हणून चाचणीत बिघाडाची वाट न पाहता शिल्लक स्मृतीची पातळी मोजणे आवश्यक ठरते.

शोध : एकच कार्यचक्र शेकडो वेळा करवून प्रत्येक चक्राअंती, यंत्र मूळ स्थितीत आल्यावर, शिल्लक स्मृती व उघडी साधने मोजतात. आरंभीची घट नंतर स्थिरावल्यास ती बहुधा गळती नसते; घट चक्रागणिक होत राहिल्यास गळतीचा संशय बळावतो. मग स्मृती घेणाऱ्या व परत करणाऱ्या प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवून जोडी न जुळणारी आज्ञा हुडकतात. नियंत्रकात अशा नोंदींस जागा नसल्यास आज्ञावली मोठ्या संगणकावर चालवून ‘व्हॅलग्राइंड’सारख्या साधनाने तपासतात. संपर्क तुटणे, चुकीची माहिती येणे असे प्रसंग चाचणीत मुद्दाम घडवून आणावे लागतात. कारण अर्ध्यावर सोडलेल्या कामातच स्मृती परत करणे बहुधा राहून जाते. आज्ञावली अडकल्यास नियंत्रक आपोआप पुन्हा सुरू करणारी पहारा-योजना अनेक यंत्रांत असते. तिच्यामुळे गळती झाकली जाते. म्हणून अशा प्रत्येक पुनरारंभाची नोंद पाहणे अगत्याचे असते.

या दोषाचे गांभीर्य लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत १९९२ मध्ये दिसून आले. तेथील संगणक अंतःस्थापित नव्हता; परंतु दोष हाच होता. रुग्णवाहिका पाठविण्याच्या प्रत्येक वेळी थोडी स्मृती अडकत गेली व सु. तीन आठवड्यांनी, ४ नोव्हेंबर रोजी, यंत्रणा बंद पडली. कर्मचाऱ्यांना कागदी पद्धतीकडे वळावे लागले.

प्रतिबंध : लागणारी सर्व स्मृती आरंभीच राखून ठेवणे व नंतर नवी न मागणे, हा खात्रीचा उपाय होय. वाहनांच्या आज्ञावलींसाठी प्रथम रचलेल्या मिस्रा सी नियमावलीच्या २००४ च्या आवृत्तीत चालू कामात स्मृती मागण्यास मनाई केलेली आहे. या उपायाने साधनगळती मात्र टळत नाही. त्यासाठी दीर्घ मुदतीची चाचणी घ्यावीच लागते.